नावं ठेवणाऱ्या आपा

मला उभं केलं ते आपांनी. काय झालं, कुठं झालं, माझ्या हातून काय बिघडलं ते सगळं पुढं येईलच. पण आधी हे नाव लिहून टाकते. आधी नाव, मग काम, ही शिस्त त्यांचीच. यवतमाळात दारव्हा रोडला एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस होतं आणि तिथं आम्ही मोबाइलची अ‍ॅपं बनवायचो. जगात माणसं एकमेकांना नावं ठेवतात. आपाही दिवसभर नावंच ठेवायच्या, फक्त त्या ती फाइलींना ठेवायच्या.

आणि ठेवलेलं नाव त्या मोठ्यानं हाक मारून तपासायच्या. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं काही खरं नाही. खुर्चीवरून उठल्या, ओढणी सारखी केली, खिडकीकडं तोंड केलं आणि गल्लीतल्या पोराला घरी बोलवावं तशा ओरडल्या, "कपाशी फूल पिवळं!" खाली गॅरेजात त्यांचा भाऊ पाना हातात घेऊन वर बघायला लागला. आपा परत बसल्या आणि म्हणाल्या, "जमलं. जीभ अडकली नाही. हाक मारली की ओ आली पाहिजे. ओ आली नाही तं नाव चुकलं समज."

ज्यांना या कामाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. तुम्ही फोनवर अ‍ॅप उघडता तेव्हा जे जे दिसतं, चित्रं, शब्द, रंग, वाजणारे आवाज, ते सगळं मूळ कोडात लिहिलेलं नसतं. ते बाजूला वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवलेलं असतं. कोड फक्त नाव घेतो आणि त्या नावाची वस्तू पडद्यावर हजर होते. आपा हे फार सोपं करून सांगायच्या. "कोड म्हंजे चुलीपाशी बसलेली बाई. तिनं उठून डबे उचकाचे नाहीत. नुसतं म्हनाचं, जिरं दे. अन् जिरंच आलं पाहिजे, ओवा नाही." कोणी कोडातच सरळ शब्द लिहून मोकळा झाला, की त्या कपाळाला हात लावायच्या. "बाप्पा, बाप्पा! भाजीतच डबा पुरला याने! उद्या ह्याच अ‍ॅपचं हिंदी कराचं असन तं कुठं कुठं खोदत बसू?"

मी त्यांच्याकडं आले ती एका फोटो स्टुडिओतून. आमचा तांडा दारव्ह्याच्या पुढं. नववीत इंग्रजी आणि गणित दोन्ही गेले आणि मी शाळा सोडली. कोणी सोडायला लावली नाही, मीच सोडली, हे खरं ते लिहिते. यवतमाळात मावशी होती. तिच्याकडं राहून दत्त चौकाजवळच्या स्टुडिओत फोटोची मागची बाजू कापायचं काम शिकले. म्हणजे नवरा-नवरीच्या मागची संडासाची भिंत काढायची आणि तिथं बर्फाचे डोंगर लावायचे. केसांच्या कडा कापणं सगळ्यांत अवघड. आपा पासपोर्टचा फोटो काढायला आल्या होत्या. माझ्या मागं उभं राहून बराच वेळ बघत राहिल्या.

"एकेक केस सोडवून राह्यली तू?" त्यांनी विचारलं.

"हाव. नाही तं टोपी घातल्यासारखं दिसते."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सोमवारी माह्या ऑफिसात ये. मले चित्रं कापणारं माणूस पाहिजे."

मी गेले, पण मुदतीवर. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, बापाकडून माझ्यासाठी एक वर्ष मागून घेतलं होतं. वर्षात पोरगी काही कामाला लागली तर ठीक, नाही तर परत तांड्यावर आणि मग लग्न. एकदा परत गेले असते तर पुन्हा यवतमाळ दिसलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून त्या ऑफिसातल्या खुर्चीवर मी रोज अर्धीच बसायचे. कोणी उठ म्हणालं तर पटकन उठता यावं.

तिसऱ्या दिवशी आपांनी विचारलं, "कितवी झाली तुही?"

बारावी म्हणायचं ठरवून आले होते. तोंडातून निघालं, "नववी. नापास."

त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "बस झालं की. मशीनले फाइलीच्या नावात काय चालते माहीत आहे? नाव मराठी असलं तरी इंग्रजीतली बारकी अक्षरं, आकडे अन् खालची आडवी रेघ. मोठी ए-बी-सी-डी चालत नाही, मधात जागा सोडलेली चालत नाही, आकड्यानं सुरुवात चालत नाही. तुह्यावाली शाळा नववीतच सुटली, मशीनची तं बालवाडीतच सुटली." आणि त्या परत कामाला लागल्या. मी मात्र त्या दिवशी खुर्चीवर थोडी मागं सरकून बसले.

ऑफिसात आमच्याशिवाय मंगेश होता. यवतमाळचाच, डिप्लोमा केलेला, जीभ तिखट, पण मनाचा मोकळा. त्यानं माझं नाव पहिल्याच आठवड्यात 'फायनल' ठेवलं. त्याला कारण होतं. स्टुडिओत आम्ही फाइलींना नाव द्यायचो तसंच मी इथंही दिलं होतं: फायनल, फायनल टू, न्यू फायनल, खरंच फायनल. तेही मधे जागा सोडून आणि मोठी अक्षरं वापरून. अ‍ॅप तयार करायला मशीनला लावलं तर पडदाभर चुकांच्या लाल रेघा. मंगेश टाळ्या वाजवत म्हणाला, "आपा, या फायनलताईनं सगळ्या ऑफिसाची फायनल परीक्षा घेतली ना आज!"

आपांनी त्याला गप्प केलं आणि मला जवळ बसवलं. "बेटा, फायनल नावाचं काही नसतेच. उद्या बदलणार नाही असं काय असते? वस्तू काय आहे ते नावात लिही. तू केव्हा दमली ते नको लिहू."

हे वाक्य मी अजून कोणाला तरी आठवड्यातून एकदा ऐकवते.

फोन लहान-मोठे असतात, म्हणून एकच चित्र वेगवेगळ्या मापांत करून वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवावं लागतं, पण नाव सगळीकडं तेच. मला हे काही केल्या कळेना. मी प्रत्येक मापाला वेगळं नाव द्यायचे, लहान, मोठं, लय मोठं. आपांनी एक दिवस विचारलं, "तुह्या बहिणीचा फ्रॉक आखूड झाला की तुम्ही काय करता? नवा शिवता का पोरीचं नाव बदलता?" मला हसू आलं आणि त्यासोबत कळलंही. पोरगी एक, फ्रॉक पाच मापांचे. कोणत्या फोनला कोणता फ्रॉक बसतो ते फोन बघेल. आपण नुसती पोरीला हाक मारायची.

दर शुक्रवारी नमाजाच्या वेळेआधी त्या सफाई करायच्या. कोडात कुठूनच ज्याचं नाव घेतलं जात नाही अशी चित्रं, असे शब्द शोधायचे आणि काढून टाकायचे. "ज्याले कोणी हाक मारत नाही ते कायले ठेवाचं? उगा अ‍ॅपचं पोट वाढते," असं म्हणत त्या एकेक फाइल काढायच्या. पहिल्या शुक्रवारी ते ऐकून माझा चेहरा उतरला असावा. त्यांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. "फाइलीबद्दल बोलून राह्यली मी. तुह्याबद्दल नाही. जा, चहा सांग खाली."

त्यांचं स्वतःचं त्या फार बोलायच्या नाहीत. इथल्याच कॉलेजातून इंजिनिअर झालेल्या, पुण्यात काही वर्षं नोकरी केलेल्या, वडिलांना लकवा झाला तेव्हा परत आलेल्या. वडील गॅरेजवाले. ते गेल्यावर भावानं गॅरेज धरलं आणि यांनी वरचा मजला. पुण्याच्या आठवणी काढायला सांगितल्या तर म्हणायच्या, "तिथं माह्या शेजारी बसणाऱ्या पोराले दोन वर्षं माह्यं नाव आलं नाही. आता इथं चपलेच्या दुकानवालाही आपा म्हनते."

माझं वर्ष संपायला दोन महिने उरले असताना ते मोठं काम आलं. नागपूरच्या एका संस्थेला शेतकरी घरांसाठी अ‍ॅप हवं होतं. त्यात दोन भाग. एक दवाखान्याचा: डॉक्टरांनी दिलेली दवा केव्हा आणि किती घ्यायची, हे वाचता न येणाऱ्यालाही चित्र आणि आवाजावरून कळावं असा. दुसरा फवारणीचा: कपाशीवर फवारताना हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याची दिशा, अंगावर उडालं तर काय करायचं. दवाखान्याचा भाग मंगेशनं आधीच सुरू केला होता. फवारणीची सगळी चित्रं आपांनी माझ्याकडं दिली. "हा भाग तुहा. चित्रंही तुह्यी, नावंही तुह्यी." आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला एखादा भाग दिला होता. याडीला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "मंग आता ते तुले राहू देतीन का?" मी म्हटलं, हे नीट झालं तर देतील.

दोन भाग आले म्हणून आपांनी नवा नियम केला: नावाच्या आधी भागाचं नाव लावायचं. म्हणजे फवारणीतल्या मोज्यांचं नाव फवारणी मोजे, दवाखान्यातल्या सुईचं नाव दवाखाना सुई. जसं गावात दोन सुरेश असले की एक पाटलांचा सुरेश आणि एक देशमुखांचा. मी सगळ्या चित्रांना तसं नाव दिलं. एक सोडून. कीटकनाशकाच्या डब्याचं चित्र मी काढलं होतं, विषाच्या खुणेचा लाल तिकोन असलेलं, फार सुबक झालं होतं. त्याला मी नुसतं 'औषध' असं नाव दिलं. घाई होती म्हणून नाही. मला त्याच्यापुढं काही लावायची गरजच वाटली नाही. आमच्याकडं औषध म्हणजे ते एकच, कपाशीवर मारायचं. माणूस घेतो ती गोळी, नाही तर दवा. तांड्यावर कोणी 'औषध आणलं' म्हणालं तर कोणी विचारत नाही, कोण आजारी आहे. विचारतात, कोणती अळी पडली.

मंगेश शहरातला. त्याच्या घरी औषध म्हणजे खोकल्याची बाटली आणि चमचा. त्यानं त्या बाटलीचं चित्र नियम यायच्या आधी केलं होतं आणि त्यालाही नाव दिलं होतं, नुसतं 'औषध'.

दोन भाग वेगवेगळे असेपर्यंत काही बिघडलं नाही. त्याच्या भागात बाटली दिसायची, माझ्या भागात डबा. आम्ही दोघांनी आपापला भाग दहा वेळा बघितला. मग दोन्ही जोडून एक अ‍ॅप केलं. आणि जोडताना मशीनसमोर एकाच नावाची दोन चित्रं आली की ते भांडत नाही, ओरडत नाही, लाल रेघ मारत नाही. एक ठेवतं आणि दुसरं गपचूप सोडून देतं. त्यानं माझं ठेवलं.

आपांची आणखी एक सवय मी सांगायची राहिली, ती इथं सांगते. कोणतंही अ‍ॅप बाहेर जायच्या आधी त्या ते वाचता न येणाऱ्या माणसाच्या हातात द्यायच्या. ऑफिसात बसून नाही; त्याच्या दारात जाऊन. या वेळी संस्थेनं मुकुटबन सुचवलं. आपा आणि मी सकाळच्या एसटीनं वणीवरून गेलो. संस्थेचे साहेब नागपुरातून जीपनं आले. चार दिवसांनी अ‍ॅप वीस गावसेविकांच्या फोनमध्ये जाणार होतं, म्हणून ते खुशीत होते.

तिथं अंबूमाय नावाची एक म्हातारी होती. साठीच्या पुढची, कपाळावर गोंदण, ओसरीवर सरकी वेचत बसलेली. आपांनी तिच्या हातात फोन दिला आणि स्वतः लांब जाऊन बसल्या. हाही त्यांचा नियम: बोट दाखवायचं नाही. म्हातारीनं पडद्यावर एकदा दाबलं, दोनदा दाबलं, दवाखान्याचा भाग उघडला. फोनमधून मंगेशचा आवाज आला, "औषध सकाळ-संध्याकाळ दोन चमचे घ्या."

अंबूमायनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग माझ्याकडं बघितलं.

"पोरी, हे प्याचं हाय काय?"

"हाव माय, दोन चमचे," मी म्हटलं. मला तिथून पडदा दिसत नव्हता.

"हे तं कपाशीचं औषध हाय ओ! हा पाह्य ना लाल तिकोन. आमच्या घरी हे वर आढ्याले टांगून ठेवतो, लेकराच्या हाताले लागू नाही म्हून. अन् तू मले सकाळ-संध्याकाळ दोन चमचे घे म्हनतं? माह्या सुनेनं धाडलं काय तुले?"

ओसरीवरच्या बाया खो-खो हसल्या. अंबूमायही हसत होती. मी उठून फोन बघितला. दोन चमच्यांच्या शेजारी माझा सुबक डबा होता.

साहेब हसले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी फोन हातात घेतला, पुढचं पान दाबलं, तिथंही डबा. त्याच्या पुढं, तिथंही. मंगेशच्या नऊ पानांवर ते चित्र होतं, नऊही पानांवर विष. साहेबांचा आवाज चढला. "हे कोणी केलं? कोणाच्या हातचं आहे हे? काय शिकलेलं आहे ते माणूस?"

 मनात मी तेव्हाच दारव्ह्याच्या गाडीत बसले होते. तांड्याचं वळण दिसत होतं, याडीचा चेहराही दिसत होता.

आपा उठल्या. "मी केलं," त्या म्हणाल्या. "दोन चित्रांचं नाव एक ठेवल्या गेलं. चूक माही."

"तुम्ही तर इंजिनिअर ना?"

"हाव. म्हून तं जास्त लाज वाटून राह्यली. चार दिवसात अ‍ॅप जाणार नाही साहेब. बारा दिवस द्या. एकेक नाव पाह्यल्याशिवाय मी हे कोणाच्या हातात देणार नाही."

साहेब फोन परत देऊन जीपकडं गेले. आपा मात्र निघाल्या नाहीत. त्या अंबूमायच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या, पिशवीतून वही काढली आणि म्हणाल्या, "माय, आता तू सांग. दवाखान्यातून आणतो त्याले काय म्हनाचं?"

"दवाई."

"अन् वावरातलं?"

"ते औषध. दवाई जीव वाचोते, औषध अळी मारते. येवढंही नाही समजत काय तुमाले? फोन बनोता म्हनं!"

आपांनी ते लिहून घेतलं. मग तिथंच तासभर बसून फोनमधलं एकेक चित्र त्या बायांना दाखवत गेल्या आणि त्या जे म्हणतील ते लिहीत गेल्या. त्या वहीत आमच्या अर्ध्या नावांवर काट मारलेली होती.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. वणी मागं पडली तेव्हा कसंबसं म्हटलं, "आपा, मले काढून टाका."

"कायले?"

"ते नाव मी ठेवलं होतं."

"माहीत आहे मले. मंगेश इतकं सुबक चित्र काढत नाही."

"मंग तुम्ही खोटं काहून बोलल्या?"

त्या माझ्याकडं वळल्या. "खोटं? नाव ठेवाचं काम तुहं होतं, पाहाचं काम माह्यं होतं. दोन्ही भाग जोडल्यावर नावं कोणं पाहाची होती? मी. पाह्यली का? नाही. मंग माह्या कामाले तुहं नाव काहून देऊ? नावात गडबड मले चालत नाही." त्यांनी वही पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, "अन् तुले काढलं तं ही चूक कोणापाशी राहीन? नवीन माणूस आणीन, तो पहिल्यापासून तीच करीन. आता अख्ख्या यवतमाळात या चुकीची जाणकार तू एकटी आहे. अशा माणसाले कोणी सोडते काय? उद्या नऊला ये. पावणेनऊला आली तं अजून चांगलं."

पुढचे बारा दिवस आम्ही तिघांनी फक्त नावं बदलली. ऐकायला सोपं वाटतं. पण नाव बदललं की ज्या ज्या ठिकाणी ते घेतलं आहे ते ठिकाण शोधावं लागतं. आपा म्हणायच्या, "लग्नात पोरीचं नाव बदलते अन् माहेरचे सगळे जुन्याच नावानं हाका मारत राह्यते, तसं इथं नाही चालणार. इथं एकानं जरी जुन्या नावानं हाक मारली तं सगळं घर बंद." एक कागद भिंतीवर चिकटवला होता: डावीकडं जुनं नाव, मधे नवं, उजवीकडं कोण कोण हाक मारतं. मंगेश हाका शोधायचा, मी चित्रं बदलायची, आपा मोठ्यानं पुकारायच्या. "दवाखाना दवाई बाटली!" "ओ!" आम्ही दोघं ओरडायचो. "फवारणी औषध डबा!" "ओ!" खालून त्यांचा भाऊ एकदा ओरडला, "हजेरी संपली असेल तर कोणी चहाचे कप खाली आणा रे!"

त्या बारा दिवसांत मी मंगेशच्या भागातल्या आणखी तीन नावांवर बोट ठेवलं. एक 'पंप' होतं. त्याच्याकडं दम्याचा, माझ्याकडं फवारायचा. माझ्या चित्राला भागाचं नाव लावलेलं होतं म्हणून तेवढं वाचलं. मंगेश कान पकडून म्हणाला, "फायनलताई, आता तू मले नववीत बसव."  आपांनी कपाटाची किल्ली माझ्याकडं दिली. त्या कपाटात सगळ्या अ‍ॅपांच्या मूळ चित्रांच्या डिस्क होत्या. तेव्हापासून ऑफिसातली सगळी नावं माझ्या हाताखालून जायला लागली.

अ‍ॅप तेराव्या दिवशी गेलं आणि चाललं. अजूनही त्या गावांत चालतं. माझं वर्ष संपलं तेव्हा आपा स्वतः स्कूटरवरून आमच्या तांड्यावर आल्या. बापाला म्हणाल्या, "भाऊ, ही पोरगी माह्या ऑफिसची कोठीवाली आहे. कोठीची किल्ली हिच्यापाशी. नेता येणार नाही." बाप त्यांना चहा घ्या म्हणाला. लग्नाचा विषय त्या दिवशी निघाला नाही, त्यानंतरही नाही.

मी आपांकडं आणखी दोन वर्षं होते. मग चेन्नईच्या एका कंपनीला असं माणूस हवं होतं, ज्याला सात-आठ भाषांच्या अ‍ॅपांमधले शब्द आणि चित्रं सांभाळता येतील. आपांनीच माझं काम त्यांना पाठवलं. सोबत पत्र लिहिलं. ते मला दाखवलं नाही, पण चेन्नईच्या मॅडमनी नंतर दाखवलं. त्यात शिक्षणाच्या जागी लिहिलं होतं: नववीपर्यंत शाळेत, त्यापुढचं माझ्याकडे.

निघायच्या आदल्या दिवशी मी मंगेशला विचारलं की त्या नागपूरच्या संस्थेच्या कामाचा दुसरा टप्पा अजून कसा आला नाही. तो इकडंतिकडं बघायला लागला. मग म्हणाला, "येणार नाही. तो कवाचाच दुसऱ्या कंपनीले गेला. पत्र आलतं ना: मुख्य तंत्रज्ञांच्या गंभीर चुकीमुळे तुमचा विचार करता येणार नाही. आपांनी वाचलं अन् ठेवून देल्लं. तुले सांगू नको म्हनल्या."

मुख्य तंत्रज्ञ म्हणजे आपा. त्या ओसरीवर त्यांनी माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली होती, आणि ती त्या नावाला चिकटून राहिली होती. दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून चहा पीत होते आणि मला त्याचा गंधही नव्हता.

बसस्टँडवर सोडायला त्या आल्या तेव्हा मी विषय काढला. त्यांनी हात झटकला. "मंगेशचं तोंड म्हंजे बिनझाकणाचा डबा. सोड ते. काम कमी आलं की चहा निवांत होते." मी रडायला लागले तशा म्हणाल्या, "तिथं कोणी शिक्षण विचारलं तं सांगून दे. लपवलं की ते सगळीकडून दिसते. अन् खुर्चीवर पूर्ण बसत जा. अर्धी बसली की कंबर धरते." गाडी सुटायला आली तरी त्या गेल्या नाहीत. कंडक्टरनं दार लावलं, मग वळल्या.

आता चेन्नईत मला तीन वर्षं झाली. तमिळ अजून तोडकंमोडकं येतं. प्रत्येक मीटिंगच्या आधी वाटतं, आज कोणी तरी विचारेल, ही इथं कशी. पण मग कोणी तरी 'न्यू फायनल' नावाची फाइल पाठवतं आणि मी खुर्चीवर मागं सरकून बसते. कारण त्या जागी काय करायचं ते मला खोलीतल्या इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. नवीन आलेल्यांना मी आधी नाव मोठ्यानं म्हणायला लावते. ते हसतात. दुसऱ्या आठवड्यात हसत नाहीत.

आपांचा रविवारी फोन येतो. काम विचारतात, जेवण विचारतात, त्यांचं काही सांगत नाहीत. मंगेश सांगतो, नागपूरकडची कामं अजूनही त्यांच्याकडं येत नाहीत.

आपा, हे तुम्ही वाचाल तेव्हा रागवाल. रागवा. पुढच्या सुट्टीत नाही तर त्याच्या पुढच्या सुट्टीत मी नागपूरला उतरणार आहे, तांड्याच्याही आधी. त्या संस्थेच्या साहेबांच्या टेबलापुढं उभी राहणार आहे आणि सांगणार आहे: मुकुटबनच्या ओसरीवर तुम्ही विचारलं होतं, हे कोणी केलं, काय शिकलेलं आहे ते माणूस. मी केलं. नववी नापास. ज्या बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं त्यांनी तुमच्या अ‍ॅपमधलं एकेक नाव बारा दिवस हाक मारून तपासलं होतं. त्यांच्या नावापुढं तुम्ही जे लिहिलं आहे ते खोडा आणि तिथं माझं नाव लिहा. साहेबांनी ते लिहीपर्यंत मी त्या टेबलापुढून हलणार नाही.